मी करडी होते, लाल का झाले

मी एक जुनी मॉरिस गाडी आहे. हसू नका मित्रांनो! अंगावरचा झगझगीत लाल रंग, जाडजूड टायर आणि हॉर्न दाबला की वाजणारी ती सिनेमाछाप सुरावट, हे सगळं बघून तुम्ही म्हणाल, ही कसली जुनी? बंगळूरला मल्लेश्वरमच्या रस्त्यावर मी निघाले की कॉलेजची पोरं शिट्ट्या मारतात आणि जुन्या गाड्यांचे शौकीन कपाळाला हात लावतात. "काय वाट लावलीय हो चांगल्या गाडीची!" असं एक गृहस्थ तर माझ्या तोंडावर बोलले. बोलोत बापडे. मी अशी का झाले हे त्यांना कुठं ठाऊक आहे? तुम्हाला सांगते, पण जरा जवळ या आणि फार मोठ्यानं वाचू नका.

माझा जन्म विलायतेतला. बोटीतून मद्रासला उतरले, तिथून बंगळूरला आले आणि हंबीररावांच्या दारात उभी राहिले. हे घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम! हंबीरराव कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे, त्यामुळे माझा एकेक स्क्रू त्यांना तोंडपाठ. माझा रंग तेव्हा करडा होता. माझ्या दोन्ही बगलांत एकेक छोटा हात होता. डावीकडं वळायचं असलं की डावा हात खटकन् बाहेर यायचा आणि त्यात पिवळा दिवा लागायचा. हल्लीच्या गाड्यांसारखे लुकलुकणारे दिवे तेव्हा कुठले? गल्लीतली पोरं तो हात बघायला धावत यायची आणि मी मनातल्या मनात फुशारून जायचे.

हंबीररावांच्या पत्नी कौशल्याबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्यांना आणायला जायचो. फाटकापाशी मला उभी करून हंबीरराव वाट बघत बसायचे. बाई लांबून दिसल्या की आतूनच वाकून डावं दार उघडून ठेवायचे आणि म्हणायचे, "बसा बाईसाहेब, फार उशीर केलात!" उशीर झालेला असो वा नसो, वाक्य ठरलेलं. बाई पदर सावरत बसायच्या आणि म्हणायच्या, "केला तर केला. आम्हाला टाकून कुठं जाणार आहात?" मग दोघंही हसायचे. इतकं सुखाचं आयुष्य कुठल्या गाडीला मिळतं हो?

एकदा मात्र खरंच उशीर झाला. शाळेतली सभा लांबली. हंबीररावांनी वाट बघून बघून शेवटी आधीच वाकून दार उघडलं, परत सरळ बसले आणि त्यांचा हात स्टिअरिंगवरून हळूच मांडीवर पडला. मला वाटलं, डुलकी लागली. बाई आल्या तेव्हा दार उघडंच होतं, पण बसा म्हणणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर मला अंगणातल्या चाफ्याखाली उभी केली ती कायमची. टायर बसले, पत्रा गंजला, मागच्या सीटवर मांजरीची बाळंतपणं झाली. विकायचं नाव काढलं की कौशल्याबाई उठून आत जायच्या, म्हणून मी भंगारात गेले नाही इतकंच. वर्षं गेली. शहरात मारुती गाड्यांचा सुळसुळाट झाला, आणि मी पानांखाली झाकून गेले.

मग हंबीररावांचा मुलगा खंडोजी, बँकेत चांगल्या हुद्द्यावर चढलेला, एका रविवारी गुरुराज मेस्त्रीला घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. गुरुराज निपाणीकडचा, त्याला दोन्ही भाषा सारख्याच येत. त्यानं माझ्या बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "अण्णा, स्वल्प, जरा माझं ऐका. जुनं काही ठेवू नका. मारुतीचं इंजिन घालू, रुंद सीटा, लाल रंग. गाडी अशी पळेल की बघत राहाल."

"मुळीच नाही," खंडोजी म्हणाला. "जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत न्यायचीय मला. तिथं स्क्रू न् स्क्रू तपासतात. अप्पांच्या वेळी होती तशीच झाली पाहिजे."

"सुटे भाग मिळायचे नाहीत. आणि हे बगलेतले हात तर आता वेडेपणाच आहे."

तेवढ्यात कौशल्याबाई पायरीवरून म्हणाल्या, "होती तशीच करा. काडीचाही फरक नको." त्या इतक्या ठामपणे बोलल्या की मेस्त्रीनं लगेच मापं घ्यायला टेप काढली. मी काय सांगू, मला तर नव्यानं जन्मल्यासारखं झालं!

खंडोजीनं माझ्यासाठी जंग जंग पछाडलं. आनेकलला एका गोठ्यामागं माझ्या जातीची एक गाडी सडत पडली होती, तिचे भाग आणले. जुन्या करड्या रंगाची छटा जुळेपर्यंत गुरुराजचा जीव खाल्ला. आणि मित्रांनो, गंमत अशी की माझा एकेक भाग जसजसा मूळचा होत गेला, तसतसं माझ्यात कुणीतरी येऊन बसायला लागलं.

रंग झाला त्या दिवशी उजव्या सीटची गादी सावकाश खाली दबली. गाडीत कुणी नव्हतं. स्टिअरिंग बसवलं, तर ते सकाळच्या गारठ्यातही हाताच्या उबेनं कोमट लागायचं. फिरवून आणायला खंडोजी मला बाहेर काढायचा, तेव्हा शाळेच्या वळणावर माझा डावा हात आपोआप खटकन् बाहेर यायचा. "वायरिंग तपासा की हो!" म्हणून तो गुरुराजवर खेकसायचा. गुरुराजनं वायरिंग दोनदा बदललं, तरी हात बाहेर यायचाच. मला भीती वाटली का? खरं सांगते, नाही वाटली. मी ओळखलं होतं कोण ते, आणि मला आनंदच झाला होता.

मग महालय अमावास्या आली. पितरांचं पान दरवर्षी गच्चीवर कावळ्यासाठी ठेवतात. त्या वर्षी खंडोजीच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे! म्हणाला, "अप्पांना गाडी दाखवायची. पान गाडीतच ठेवू." आणि वडे, खीर, भाजी, सगळं वाढलेलं केळीचं पान त्यानं माझ्या उजव्या सीटवर ठेवलं. पितरांना घासासाठी बोलवायचं आणि वाटेला लावायचं, ही आपली रीत. असं बसायला आसन कुणी देतं का? कौशल्याबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण उलट त्याच आत जाऊन आणखी एक वडा घेऊन आल्या. दुपारी घरातले पान उचलायला गेले तेव्हा ते पुसून घेतल्यासारखं स्वच्छ होतं आणि माझ्या काचा सगळ्या बंद होत्या.

त्या दिवसापासून कौशल्याबाई संध्याकाळी माझ्यात येऊन बसू लागल्या. त्या अंगणात आल्या की डावं दार आपोआप उघडायचं. त्या बसायच्या, शाळेच्या जुन्या गोष्टी सांगायच्या, मध्येच हसायच्या. उतरायच्या तेव्हा ओठ निळसर पडलेले असायचे. घरात म्हणायच्या, हवा बाधली. मला मात्र दिसत होतं की रोज त्या थोड्या जास्त वेळ बसताहेत आणि रोज त्यांना उतरणं जड जातंय.

खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, घरातली जुनी तलवार माझ्या बॉनेटवर ठेवून आमची दोघींची पूजा झाली. झेंडूचे हार घातले. दिवेलागणीला सगळे आत फराळाला बसले आणि खंडोजीची लेक हर्षिता एकटीच अंगणात खेळत राहिली. सात वर्षांची पोर. आजोबांना, म्हणजे तिच्या ताताला, तिनं फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलेलं.

डावं दार उघडलं. हर्षिता आत चढून बसली. दार लागलं. मग किल्लीशिवाय माझं इंजिन धडधडलं. मित्रांनो, मी चालू झाले नाही हो, मला कुणीतरी चालू केलं! गिअर पडला, डावा हात बाहेर आला आणि मी उघड्या फाटकाकडं सरकू लागले. थांबायचा मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला, पण माझा प्रत्येक भाग आता त्यांच्या ओळखीचा होता, आणि त्यातला एकही माझं ऐकेना. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

कौशल्याबाई अनवाणी धावत आल्या आणि बॉनेटला दोन्ही हात लावून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या पोरीकडं बघत नव्हत्या. रिकाम्या उजव्या सीटकडं बघून त्या ओरडल्या, "अहो! ती मी नव्हे! मी इथं आहे!"

मी जागच्या जागी थांबले. दार उघडलं. हर्षिता खाली उतरली, तिचे हात बर्फ झाले होते. "अज्जी," ती म्हणाली, "ताता मला म्हणाले, बसा बाईसाहेब, फार उशीर केलात."

दार उघडंच राहिलं. आता ते कौशल्याबाईंसाठी होतं. त्यांनी एक पाऊल आत ठेवलंसुद्धा! किती वर्षांची वाट बघणं होतं ते, दोघांचंही. पण हर्षितानं मागून त्यांच्या निऱ्या घट्ट धरल्या होत्या आणि ती थंडीनं कुडकुडत होती. बाईंनी पाऊल मागं घेतलं आणि दार बाहेरून लावलं.

खंडोजी हातातला लाडू तसाच घेऊन बाहेर आला. "हँडब्रेक सुटला असेल," म्हणाला.

"उद्या गुरुराजला बोलाव," बाई म्हणाल्या. "रंग बदल. सीटा बदल. सगळं बदलून टाक."

"आई, काय बोलतेस? आता मिरवणूक तोंडावर आलीय! आणि होती तशीच करा, हे कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणाले. मला ते परत हवे होते म्हणून म्हणाले. आले रे ते. पण खंडू, त्यांना आता माझ्यात आणि पोरीत फरक कळत नाहीय. त्यांना अजून शाळेचं फाटकच दिसतंय. त्यांनी ही गाडी ओळखता कामा नये."

खंडोजी चिडून माझ्या उजव्या दारापाशी आला आणि आत हात घालून स्टिअरिंग धरलं. लगेच सोडलंही. त्याची नजर त्या दबलेल्या गादीवर गेली. मग लहान मुलासारखा म्हणाला, "अप्पा?" गादी जराशी त्याच्या बाजूला कलली. खंडोजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सरी, बरं," तो म्हणाला. "बदलूया."

गुरुराज खूश! त्याला वाटलं, अण्णांना एकदाची अक्कल आली. त्यानं माझा करडा रंग खरवडला. बगलेतले हात काढून तिथं पत्रा ठोकला. मारुतीचं इंजिन, छोटं स्टिअरिंग, रुंद सीटा, कॅसेट प्लेअर, सगळं आलं. माझे जुने भाग बाईंनी एका ठिकाणी ठेवू दिले नाहीत. एक इकडं, एक तिकडं, असे ते साऱ्या शहरात वाटले गेले. मला फार दुखलं. पत्रा खरवडल्याचं दुखत नाही मित्रांनो, आपल्या माणसानं आपल्याला ओळखू नये म्हणून नटावं लागतं, ते दुखतं. शेवटी खंडोजीनं चाकांखाली लिंबं चिरडली, कुंकू भरलेला कोहळा फोडला आणि मला नव्या गाडीसारखं घरात घेतलं.

ते आले. थंडीच्या एका संध्याकाळी, चालतच आले. काळी टोपी, काखेत छत्री. कौशल्याबाई पायरीवर गजरा ओवत होत्या. त्यांना ते दिसले नाहीत, पण सुई थांबली. हंबीररावांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला, काढून घेतला. जिथं डावा हात असायचा तिथं बोटांनी चाचपून बघितलं. माझा जीव नुसता तडफडत होता. एकदा हॉर्न वाजवावा, सांगावं, मीच ती! पण आतल्या खोलीतून हर्षिता पाढे म्हणताना ऐकू येत होती. मी गप्प राहिले.

"माफ करा हं," ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "माझी गाडी इथं उभी असायची. करडी मॉरिस. शाळेवर जायचंय, उशीर होतोय."

कौशल्याबाईंना ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्या खालमानेनं इतकंच पुटपुटल्या, "इथं नाही हो."

"बरं," ते म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले. बाईंनी तोंडात पदर धरला तो किती तरी वेळ सोडला नाही.

तेव्हापासून ते या शहरात हिंडताहेत. मित्रांनो, मी तुमच्याकडं दुसरं काही मागत नाही. आम्हा जुन्या गाड्यांवर दगड मारू नका, गंजू देऊ नका, हे तर आहेच. पण शाळा सुटल्यावर फाटकापाशी काळ्या टोपीतल्या एखाद्या आजोबांनी तुम्हाला विचारलं, "बाळ, करडी मॉरिस दिसली का रे कुठं?" तर नाही म्हणा. मात्र गोड बोलून नाही म्हणा. फार चांगले आहेत ते. आणि त्यांनी कुठलंही दार उघडून धरलं, तर आत बसू नका.