भोईवाड्यातल्या पाळकबाई

घोड्याची व्हिक्टोरिया वळणावरच अडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चाळींमधून दोर टाकून माणसं आडव्या माळा चढवत होती, आणि शिडीवरचा एकजण घोड्याच्या डोक्यावरूनच पलीकडच्याला ओरडून सांगत होता, "ढील दे रे, अजून ढील!" शेवंतीबाईंनी पुढे वाकून टपाखालून वर पाहिलं. तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलं असावं. लाल, पिवळे, हिरवे दिवे एकदम लागले. अजून पुरता अंधार पडला नव्हता, त्यामुळे ते दिवे उजेड न देता नुसतेच हवेत तरंगत राहिले. रोजचा रस्ता क्षणभर शेवंतीबाईंना ओळखू येईना.

समोर बसलेल्या मृणालिनीच्या मांडीवर तिची लहानगी झोपली होती. तिचे यजमान आणि चर्चचे नवे पाळक, रेव्हरंड जयवंत अमोलिक, तिच्या खांद्याला टेकून डुलकी घेत होते. नेवाशाकडच्या गावातून सकाळीच निघालेली ती माणसं. मृणालिनीच्या केसांवर अजून गाडीतली धूळ होती. तिनं माळांकडे पाहिलं, दारोदारच्या आंब्याच्या तोरणांकडे पाहिलं, एका गच्चीवरून सोडलेल्या लांबच लांब झेंड्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं,

"हे सगळं चर्चच्या मंडळीनं केलं?"

पुढे गाडीवानाशेजारी बसलेले कमलाकांत रणभिसे मागे वळले. ते चर्चचे पंच, आणि कुणाचीही चूक तिथल्या तिथे दुरुस्त करणारे. उद्या रविवारी महाराष्ट्र राज्य होणार, त्याची ही सजावट, असं ते सांगणार होते. शेवंतीबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"थोडं मंडळीनं," त्या म्हणाल्या. "बाकीचं शेजाऱ्यांनी."

"किती चांगले शेजारी आहेत," मृणालिनी म्हणाली.

रणभिसे पुन्हा पुढे तोंड करून बसले. घोडा चालू लागला.

चर्चच्या मागे पाळकांचं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कोळशाची छोटी कोठी आणि दारात बदामाचं झाड. शेवंतीबाई तिथं नवी नवरी म्हणून आल्या होत्या, आणि गेल्या नाताळानंतर त्याच दारातून त्यांच्या यजमानांना, साळवेसाहेबांना, शिवडीच्या दफनभूमीत नेलं तेव्हा त्या दाराशी उभ्या होत्या. त्यानंतर मंडळीनं त्यांना कधी घाई केली नाही. नवे पाळक येईपर्यंत घर तुमचंच, असं पंचांनी स्वतः येऊन सांगितलं होतं. नगरचा पुतण्या 'आमच्याकडे या' म्हणाला होता. सोमवारी सकाळची गाडी ठरली होती. कुणी काही वाईट वागलं नव्हतं, म्हणून रागवायलाही जागा नव्हती.

नळाला पाणी कधी येतं, कोणती खिडकी वाऱ्यानं आपटते, दूधवाला कुठं हाक मारतो, हे त्या मृणालिनीला सांगत फिरल्या. मृणालिनी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती.

"आणि तुमची खोली?"

"मी परवा निघतेय ना. आज मी स्वयंपाकघरात पथारी टाकते. तिथं मोरीवरून गार वारा येतो."

मृणालिनी काहीतरी बोलणार होती, पण लहानगी उठून रडू लागली.

रविवारी सकाळी चर्च भरलं. परळच्या नर्सेस आल्या, भायखळ्याची दोन कुटुंबं आली, एरवी फक्त नाताळाला दिसणारे लोकही इस्त्रीचे कपडे घालून आले. एकमेकांना सलाम झाले. नव्या पाळकांना मोगऱ्याचा हार घातला, तो त्यांना जरा मोठाच झाला. मृणालिनीला पुढच्या बाकावर बसवलं. ती जागा शेवंतीबाईंची. त्या स्वतःच मागे जाऊन बसल्या, खांबाशेजारी. तिथून व्यासपीठ अर्धंच दिसतं हे त्यांना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

जयवंतांचा आवाज बारीक होता. पवित्र शास्त्रातलं वचन वाचून त्यांनी उपदेशाला सुरुवात केली, आणि चार वाक्यं झाली नाहीत तोच रस्त्यावरून ताशा वाजत आला. मागोमाग लेझीम. मिरवणूक काळाचौकीकडून येत होती आणि गल्लीत शिरता शिरता तिचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होत होता. जयवंतांनी आवाज चढवला. मग आणखी चढवला. मग ते थांबले.

रणभिसे उठून खिडक्या लावायला निघाले. जयवंतांनी हातानंच त्यांना बसा म्हटलं. शास्त्राच्या पानात बोट तसंच ठेवून ते व्यासपीठावरून खाली आले आणि पहिल्या बाकाच्या टोकाला, एका म्हाताऱ्या बाईशेजारी, श्रोत्यासारखे बसले.

मिरवणूक लवकर संपेना. खिडकीतून उन्हाचा तिरपा पट्टा आत आला होता. त्यात उघड्या दारातून गुलाल तरंगत आला, अगदी सावकाश, जणू त्याला कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. तो वेदीच्या पांढऱ्या कापडावर बसला, नर्सेसच्या टोप्यांवर बसला. कुणी झटकला नाही. लेझमीच्या ठेक्यावर एक मूल बाकावर डोकं ठेवून झोपून गेलं. शेवंतीबाईंना वाटलं, आपण पाण्याखाली बसलो आहोत आणि वरून कुणाचं तरी लग्न चाललं आहे. चार वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला तेव्हा याच गल्लीतून माणसं वेगळ्याच तऱ्हेनं धावली होती. तेव्हा साळवेसाहेबांनी चर्चचं मोठं दार सताड उघडून ठेवलं होतं आणि त्या स्वतः चादरी फाडून पट्ट्या करत होत्या. समोरच्या चाळीतली गंगुबाई तेव्हा पाण्याच्या कळश्या घेऊन धावली होती. त्या दिवसापासून दोघींचं येणं-जाणं. आज त्याच दारातून गुलाल येत होता, आणि साळवेसाहेब नव्हते.

आवाज दूर गेला तसे जयवंत उठले. त्यांनी शास्त्र उघडलं, लोकांकडे पाहिलं आणि मिटलं.

"आज एवढंच," ते म्हणाले. "आता जेवायला बसू."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मग बरेचजण हसले. रणभिसेंना लांब उपदेश आवडत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि दाराकडे निघाले.

प्रीतिभोजनाच्या पंगती बदामाखाली बसल्या. मटणाचा रस्सा गंगुबाईच्या टोपात रटरटत होता. समोरच्या चाळीत तळमजल्यावर तिची खानावळ होती. गिरणीतले कोकणातले गडी तिच्याकडे जेवत, आणि चर्चमध्ये काही असलं की तिचा मोठा टोप न मागता यायचा. शेवंतीबाई मृणालिनीशेजारी बसून काकड्या चिरत होत्या. मृणालिनीला काकडी कापता येत होती, पण एवढ्या माणसांसाठी किती, ते कळत नव्हतं.

"पाळकबाई!" चुलीकडून हाक आली. "मीठ बघून जाता का?"

दोघी एकदमच उठल्या.

शेवंतीबाई लगेच खाली बसल्या आणि त्यांनी पुढची काकडी उचलली. मृणालिनी मात्र अर्धवट उभी राहिली, एक हात जमिनीला टेकलेला.

"जा ना," शेवंतीबाई म्हणाल्या. "तुम्हालाच बोलावलंय."

"मला मीठ कळत नाही हो एवढ्या मोठ्या टोपाचं."

"आधी नुसता रस्सा चाखा. काहीही लागला तरी थोडा वेळ विचार करा. मग म्हणा, ठीक आहे. त्यांनी आधीच चाखलेलं असतं."

मृणालिनी गेली. तिनं चाखलं, विचार केला, आणि काहीतरी बोलली. चुलीजवळच्या बायका समाधानानं मान हलवताना शेवंतीबाईंनी पाहिल्या. काकडीचे काप त्या दिवशी फार बारीक पडले.

जेवणं आटोपली. दुपारी सगळं घर झोपलं. नवे पाळक हार उशाशी ठेवून झोपले, लहानगी त्यांच्या पोटावर. गल्लीतही कुणी नव्हतं. नुसत्या माळा वाऱ्यानं एकमेकींवर घासत होत्या. शेवंतीबाई पायरीवर बसल्या होत्या. मृणालिनी आतून आली आणि त्यांच्याशेजारी टेकली.

"जाऊ नका," ती म्हणाली. "कोळशाची कोठी झाडून घेऊ. ह्यांना मी विचारलंय. ते म्हणाले, बाई राहिल्या तर देवच पावला."

शेवंतीबाई इथं आल्या तेव्हा आधीच्या पाळकांच्या आई याच घरात मागे राहिल्या होत्या. मोठ्या प्रेमळ बाई. त्यांनी कधी शब्दानं दुखावलं नाही. पण त्या होत्या तोवर शेवंतीबाईंना मिठाची बरणी फळीवरून हलवायचा धीर झाला नव्हता. पुढे त्या वारल्या, शेवंतीबाई खरोखर रडल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बरणी खालच्या फळीवर ठेवली.

"हे तुमचं घर आहे," त्या म्हणाल्या. "मी असले तर ते तुमचं होणार नाही."

"मला भीती वाटते पण."

"वाटू दे. जाते ती."

मृणालिनी गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसून राहिली. मग ती म्हणाली, "एक मात्र काळजी करू नका. पाळकसाहेब शिवडीला आहेत ना? दर रविवारी तुम्ही फुलं नेता, असं त्या नर्सबाई सांगत होत्या. तुम्ही नगरला गेल्यावर मी नेत जाईन. एक रविवार चुकू देणार नाही."

ती अगदी मनापासून बोलली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं. शेवंतीबाईंनी तिचा हात हातात घेऊन थोपटला. घर द्यायला त्या तयार झाल्या होत्या, पुढचा बाक दिला होता, 'पाळकबाई' ही हाकही दिली होती. ही गोष्ट कुणी मागेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा घासलेला टोप कमरेवर घेऊन त्या गल्ली ओलांडून गेल्या.

गंगुबाई पाट्यावर वाटण वाटत होती. रविवारची आमटी बांगड्याची. ओल्या खोबऱ्याचा आणि तिरफळांचा वास दारापर्यंत आला होता.

"ठेवा थंय," ती म्हणाली. "तुमी कशाला आणलात बाई? माझा गडी आला असता."

शेवंतीबाईंनी टोप ठेवला. त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे ती मुलगी कामाला होती, ती लग्न करून गेली ना?"

"शिमग्याक गेली. तेव्हापासून माझे हात मोडलेत."

"मला ठेवता?"

वरवंटा थांबला. गंगुबाईनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"थट्टा करता काय?"

"नाही."

"आणि नगरची गाडी?"

"ती जाईल की."

गंगुबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरं लुगडं, बोटाला हळद, पायांत साध्या चपला. पोरींना शिवण शिकवणारी, पेटी वाजवणारी ही बाई.

"बाई, माझे गडी साधे आसत. पण जेवणापाशी जातधरम बघून अडतात. कुणी पानावरून उठून गेला, तर तुमका वायट वाटात."

"वाटेल. रोज नाही वाटणार."

"तुमची मंडळी काय म्हणात?"

"म्हणेल ते ऐकेन. दर रविवारी तिथंच असणार आहे मी. खांबाजवळ. मग फुलं घेऊन शिवडीला."

"ऱ्हवतलात खंय?"

"तुमचा माळा आहे ना."

"माळ्यावर उंदीर आसत."

"चर्चमध्ये काय नव्हते?"

गंगुबाई हसली, पण पुरती नाही. तिनं पुन्हा वरवंटा धरला आणि दोनदा ओढला. मग हनुवटीनं कोपऱ्यातल्या परातीकडे खूण केली.

"तांदूळ धुवून घ्या. पाणी बाहेर पिंपात आहे."

दिवे लागले तशी माणसं आली. गुलालानं माखलेली, घसा बसलेली, सगळी एकदम बोलणारी. कुणी लेझीम घेऊनच आत शिरलं. मग पंगत बसली आणि शेवंतीबाई भाताचं पातेलं घेऊन पुढे झाल्या, तशी बोलणी एकेक करून विझली. गंगुबाईनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती चुलीकडे तोंड करून बांगडे सोडत राहिली.

पहिल्या दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग खाली. त्यांच्या ताटांत भात पडला. तिसऱ्यानं, धोंडू त्याचं नाव, "सलाम बाई" म्हणून हसून ताट पुढे केलं. चौथा कुशाबा. वयानं सगळ्यांत मोठा, कपाळाला गंध. त्यानं ताटावर आडवा हात धरला.

"माका गंगू वाढील," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

शेवंतीबाई पुढच्या ताटाकडे सरकल्या. गंगुबाईनं येऊन कुशाबाला वाढलं आणि परत गेली. हळूहळू बोलणी सुरू झाली. बाहेर माळा लागल्या होत्या. त्यांचा लाल-हिरवा उजेड दारातून आत येऊन ताटांतल्या आमटीवर हलत होता. कुणी मिरवणुकीतला कुणाचा तरी फेटा कसा सुटला ते सांगत होतं.

"शेवंती, बघतंस काय गो?" गंगुबाई धुरातून ओरडली. "त्या बाजूक भात संपलो!"

शेवंतीबाईंनी पातेलं उचललं. एक बाजू झाली, मग दुसरी. गंगुबाईचे दोन्ही हात चुलीवरच्या कालवणात गुंतले होते. कुशाबाच्या ताटातला भात संपला होता, कडेला आमटी मात्र पुष्कळ उरली होती. त्यानं चुलीकडे पाहिलं. बोटं चाटली. पुन्हा चुलीकडे पाहिलं.

शेवंतीबाई चार हातांच्या अंतरावर पातेलं धरून उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या नाहीत, मागेही सरल्या नाहीत.

"भात आसा त्याच्यात?" कुशाबानं मान वर न करता विचारलं.

"आहे."

"मग उभ्या कशाक ऱ्हवलात?"