यमुताईंनी मला कूलरसमोर ठेवलं

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे आणि पक्की भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर हसायला नको. सिनेमाची फिल्म नव्हे हं! माझ्यात ना हिरो, ना गाणी. हॉलंडमध्ये ऑस्टरवाल नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या कचेरीतली जन्मनोंदींची पुस्तकं जीर्ण झाली, तेव्हा त्यांच्या एकेका पानाचा बारीक फोटो काढून माझ्या लांबलचक अंगावर उतरवला. मग मला रिळावर गुंडाळून डबीत घातलं. माझ्या अंगावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. तुम्हाला तरी स्वतःची पाठ कुठे दिसते?

डबीचं झाकण लावताना तिथली बाई म्हणाली होती, हिला उष्णता नको आणि ओल नको. झालं! तेव्हापासून या दोन गोष्टींनी माझी झोप उडवली. आणि नशीब बघा माझं! एवढं मोठं जग सोडून मला पाठवलं कुठे, तर नागपूरला, आणि तेही ऐन मे महिन्यात. साल होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

मला मागवलं होतं धरमपेठेतल्या यमुताईंनी. मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे वडील डच. खाप्याजवळच्या मँगनीजच्या खाणीवर ते कामाला आले, तिथल्या भीमाबाईंशी लग्न केलं, आणि यमुताई रांगत होत्या तेव्हाच तापानं गेले. भीमाबाईंनी विणकरांच्या कांड्यांवर सूत भरून लेक वाढवली. लोकांची तोंडं कोण धरणार? "कुठला साहेब अन् कुठलं लगन!" असं लोक तोंडावर म्हणायचे. भीमाबाई मात्र मरेपर्यंत लेकीला एकच सांगत राहिल्या, "तुहा बाप खरा होता, पोरी. त्याचं गाव होतं. त्याले माय होती."

वडिलांची एक लाकडी पेटी तेवढी उरली होती. तिच्यावरच्या पितळी पट्टीवर नाव-गाव कोरलेलं होतं, हेंड्रिक फान डेल, ऑस्टरवाल. पण पेटी काय, भंगारातही मिळते, असं म्हणायला लोक मोकळेच. त्यात डॉक्टरांनी यमुताईंना सांगितलं की काचबिंदू आहे, नजर जाणार, ती परत यायची नाही. नजर जाण्याआधी त्यांना वडिलांचं नाव त्यांच्या गावच्या पुस्तकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून त्यांनी ऑस्टरवालला पत्र घातलं आणि कचेरीनं मला काही महिन्यांसाठी धाडून दिलं.

नागपुरातल्या एका ग्रंथालयात माझ्यासारख्या फिल्मा वाचायचं एक यंत्र होतं आणि ते सांभाळायला मधुकरराव होते. माणूस फार मायाळू, पण त्यांच्या यंत्रातला दिवा! बाप रे! माझं एखादं पान त्याच्यापुढे आलं की अंग भाजायचं, कडा वळायला लागायच्या. आज आपला कोळसा होणार, असं मला रोज वाटायचं. समोरच्या पडद्यावर ते पान मोठं होऊन दिसायचं. यमुताई रुमालातली पितळी पट्टी काढून पडद्याशी धरायच्या, अक्षराला अक्षर जुळवून बघायच्या, आणि मान हलवायच्या. वडिलांचं जन्मवर्ष ठाऊक नव्हतं, त्यामुळे पान न् पान बघावं लागत होतं.

एके दिवशी काम संपल्यावर त्यांनी माझी डबी गालाला लावली.

"मधुकरराव, पोरगी कशी तापून राहिली पाहा ना! थंड मुलुखातली हाय बिचारी. तिले कूलरसमोर ठेवा ना."

"ठेवतो ना, यमुताई. आमच्या घरी तं दुधाचा गंजबी कूलरपुढंच असते."

आणि त्यांनी मला डबीचं झाकण उघडून कूलरसमोरच्या स्टुलावर ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाळ्याच्या ताट्यांचा गार वास, पाण्याची टिपटिप. नागपूरकरांना उन्हाळ्यात जी जागा सगळ्यात आवडती, ती त्यांनी मला दिली होती. उष्णतेच्या धसक्यात ओलीची भीती मी साफ विसरून गेले.

यमुताईंचे डोळे जास्त दुखायला लागले, म्हणून पुढे कित्येक दिवस त्या आल्या नाहीत. कूलर मात्र रोज चालायचा, आणि मी उघड्या डबीत त्याच्यासमोरच. हळूहळू माझं अंग चिकट झालं. कुबट वास यायला लागला. कडेला पांढरी बुरशी धरली आणि माझे वेढे एकमेकांना घट्ट चिकटले. मला ओरडता येत नव्हतं. ते नाव याच वेढ्यांत असेल तर? बुरशीनं नेमकं तेच खाल्लं तर? यमुताईंनी मग कुठे बघायचं? मी भीतीनं अर्धमेली झाले.

यमुताई परत आल्या. मधुकररावांनी मला यंत्रावर चढवलं, मूठ फिरवली आणि कर्रकन आवाज झाला. यमुताईंनी वाकून माझा वास घेतला.

"माय वं! हे काय करून बसली मी!"

"थांबा, जोर लावून पाहतो," मधुकरराव म्हणाले.

"नका जी! ओढाचं काम नोहे हे. उसवाचं हाय."

मग पंख्याखाली मला वाळत ठेवलं आणि यमुताई रोज येऊन एकेक वेढा सोडवू लागल्या. दिसायचं कमी, पण बोटं तयार होती. तरी प्रत्येक वेढ्याला माझा जीव टांगणीला लागायचा. काही पानं वाचली, काही गेली. आणि मग एका सकाळी पडद्यावर एक पान आलं. खाली मुलाच्या बापाची सही होती आणि मधुकररावांनी वाचून दाखवलं, आडनाव पट्टीवरचंच. पण वर जिथे मुलाचं आणि त्याच्या आईचं नाव असायचं, तिथे नुसतं पांढरं भगदाड होतं. माझी कातडीच, अक्षरांसकट, तिथून सोलून निघाली होती.

यमुताईंनी पट्टी रुमालात गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "बाप गेला तवा मी रांगत होती, मधुकरराव. आता दुसऱ्यांदा गेला. अन् या खेपी म्याच घालवला."

उगीच हाताला चाळा म्हणून मधुकररावांनी मूठ थोडी पुढे फिरवली, आणि एकदम ओरडले, "यमुताई, इकडं पाहा, इकडं!"

सोललेली कातडी कुठे जाणार? ती शेजारच्या वेढ्याच्या पाठीला चिकटून बसली होती, दुसऱ्याच कुणाच्या पानाच्या कोऱ्या समासात. थोडी अंधूक, पण अख्खी. यमुताईंनी पट्टी पुन्हा काढून पडद्याशी धरली. अक्षराला अक्षर जुळलं. हेंड्रिक.

"अन् हे त्यांच्या आईचं नाव," मधुकरराव म्हणाले. "मार्त्ये."

"आजी," यमुताई पडद्याला म्हणाल्या, "माही माय खोटं बोलत नव्हती वं."

मधुकररावांचा हात बटणाकडे गेला. "दिवा बंद करतो. फिल्म जळन."

"अजून थोडं पाहू द्या ना. उद्या दिसन का नाही, कोणाले ठाऊक?"

मी भाजत होते, मित्रांनो. माझी ती जागा फुगून वर आली, तपकिरी पडली. आणि मी, एवढी भित्री, मनातल्या मनात म्हणत होते, बंद करू नका तो दिवा.

झाला प्रकार यमुताईंनी काहीही न लपवता हॉलंडला कळवला. कचेरीनं उत्तर दिलं, दुसरी प्रत आमच्याकडे आहे, ही तुमच्याकडेच राहू द्या. तेव्हापासून मी ग्रंथालयातल्या कोरड्या कपाटात आहे. त्याला आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. एखादी वस्तू जपायची असेल, तर तिला कशाची भीती वाटते ते आधी विचारा. नुसत्या मायेनं भागत नाही.

यमुताईंना आता दिसत नाही. तरी त्या काठी टेकत येतात. मधुकरराव मला उलगडतात आणि त्यांचं बोट धरून त्या फुगलेल्या तपकिरी डागाच्या काठावर ठेवतात. बोटाच्या घामानं फिल्म खराब होते, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तेवढ्यापुरती मी भीत नाही.