शिक्षण बारावी

“ड्रॉइंगमध्ये दाखवली तेच वायर लाव वं. डोकं चालवाले नाही ठेवलं तुले.”

सुपरवायझर संघपाल असं बोलला आणि घरी विसरलेला डबा घेऊन शेडच्या दारात उभ्या असलेल्या कौशल्याबाईंच्या अंगाचा भडका उडाला. हिंगण्याच्या त्या शेडमध्ये कारखान्यांसाठी विजेची लोखंडी कपाटं बनत. पॅनल म्हणतात त्यांना. आठ पोरी वायरी जोडत होत्या. त्यांतली एक कौशल्याबाईंची नात, वैभवी. आठवडाभर काम बघून मग ठेवायचं असं ठरलेलं. आजचा सहावा दिवस. एवढ्या मोठ्या मोटरला ही वायर पातळ पडेल, तापेल, इतकंच ती म्हणाली होती.

“ए बाबू,” कौशल्याबाई दारातूनच कडाडल्या, “कोणाले शिकवून राहिला तू? इंजिनियर आहे माही नात. विजेची. चार वर्षं शिकली, पहिल्या वर्गात पास. तू किती शिकला, सांग बरं?”

पोरींचे हात थांबले. एक फिसकन हसली. वैभवीनं मान वर केली नाही.

संघपाल चिडला असता तर बरं झालं असतं. तो वैभवीकडे वळून हळूच म्हणाला, “खरं का मॅडम? मले तं बारावी म्हणून सांगितलं तुम्ही.” मघापर्यंत ती त्याच्यासाठी नुसती पोट्टी होती. “मागच्या साली दोन डिग्रीवाले ठेवले होते. मोठ्या नोकरीचं पत्र आलं अन् गेले, पॅनल अर्धं उघडं टाकून. मालकानं तवाच सांगितलं, डिग्रीवाला नको. जा तुम्ही. डबा घरीच खा.”

परतीच्या बसमध्ये कौशल्याबाईंनी विचारलं, “लपवलं काहून वं? चोरी केली का शिकून?”

“सांगितलं का काम नाही देत, आजी. तेवीस ठिकाणी सांगून पाह्यलं. सबस्टेशनवाले म्हणतात अनुभव आण. सोलारवाले म्हणतात पोरगी छतावर कशी चढन. सरकारी परीक्षेत तीन मार्कानं राहिली.” वैभवीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. “सहा दिवस झोप लागली मले. दोन वर्षांत पहिल्यांदा.”

कौशल्याबाईंनी मांडीवरचा डबा पिशवीत घातला.

त्या भिवापूरच्या. दुसरीत शाळा सुटली. मुलगा-सून गेल्यावर जरीपटक्याच्या बाजारात मिरची विकून त्यांनी नात वाढवली. कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी एका सरांनी पालकांना सांगितलं होतं, की वीज जिथं बनते, जिथून जाते, जिथं वाटली जाते, तिथं सगळीकडे इंजिनियर लागतो. वीजकेंद्र, सबस्टेशन, रेल्वे, सोलार. कौशल्याबाईंनी ती यादी तोंडपाठ केली आणि चार वर्षं प्रत्येक किलो मिरचीबरोबर गिऱ्हाइकाला ऐकवली. शेजारची भाजीवाली यमुताई एकदाच म्हणाली, “एवढी वीज घरात, मंग तुहा पंखा काहून घरघर करते वं?” तिच्याशी त्या वर्षभर बोलल्या नव्हत्या.

घरी आल्यावर वैभवी भिंतीकडे तोंड करून पडली. दुसरा दिवस तसाच गेला. जेवण नाही, वेणी नाही. कौशल्याबाई ओरडल्या, मग ताट घेऊन तिच्या उशाशी बसून राहिल्या. भात गार झाला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकान लावलं नाही. धुतलेलं लुगडं नेसून एकट्याच हिंगण्याला गेल्या.

“खोटं बोलली मी त्या दिवशी,” त्या संघपालला म्हणाल्या. आवाज सगळ्या पोरींना ऐकू जाईल इतका चढा.

“काय खोटं?”

“ते इंजिनियरचं. पहिल्याच वर्षी नापास झाली ते. मीच बाजारात मिरवत राहिली, लोकाइले तोंड काय दाखवू म्हणून.”

“पहिल्या वर्गात पास म्हणत होत्या तुम्ही.”

“म्हातारीच्या जिभेले कुठं हाड राह्यते, बाबू. डोकं नाही पोरीले. सांगसान तेवढंच करन.”

संघपालनं मग कोपऱ्यातल्या पॅनलकडे मान वळवली. “ते वायर जळली काल टेस्टिंगले. पातळच होती.”

‘सांगत होती ना ते तुले,’ असं कौशल्याबाईंच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“अंदाजानं बोलली असन,” त्या म्हणाल्या.

त्यानं टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढला. “पक्का फॉर्म हाय. मालक पाहते. शिक्षण काय लिहू?”

“बारावी.”

अक्षरं जुळवून वाचायला त्यांना वेळ लागे, पण वजनमापामुळे आकडे चटकन कळत. त्यानं बारा लिहिलं. पुढे ओळीत अजून बरीच जागा उरली होती. संघपालनं त्या जागेवर आडवी रेघ ओढली आणि कागद त्यांच्याकडे वळवला.

“घरच्याची सही पाहिजे, आजी.”

त्यांनी पदर सावरला. पेन मुठीत धरलं आणि वैभवीनं शिकवलं होतं तसं, थांबत थांबत, आपलं नाव काढलं. नाव संपलं तरी त्या आडव्या रेघेकडे बघत त्यांनी पेन कागदावरून उचललं नाही.