चौथा सिंह

डिंगोऱ्यात सिंह कुणी पाहिलेला नाही. बिबट्या सगळ्यांनी पाहिलाय. भरतच्या दोन शेळ्यांनी तर फारच जवळून.

लंकाबाईच्या घराची वाट उसातून जाते आणि तिची नात हर्षाली रोज त्याच वाटेनं शाळेला जाते. म्हणून लंकाबाईनं वनखात्याकडं पिंजरा मागितला. तीन महिन्यांत तीन अर्ज. तिन्हींना उत्तर आलं, वर सिंहांची राजमुद्रा, खाली एकच ओळ: 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' सिंह विचाराला बसलेत म्हटल्यावर बिबट्या थांबेलच की! तो काय अडाणी आहे?

बिबट्या मागून मानेवर पडतो, तोंड दिसलं की बिचकतो, असं गावात म्हणतात. लंकाबाईनं चांद पेंटरला गाठलं. तो जुन्नरला एका सरकारी इमारतीवर राजमुद्राच रंगवत होता.

"चांदभाऊ, पोरीच्या डोक्यामागं बांधायला एक तोंड काढून दे. भ्या वाटंल असं."

"मावशी, आठ दिवस सिंहच काढतोय, हात त्यातच बसलाय. सिंह चालंल?"

"चालंल. कागदावर काय करतोय ते बघितलं. आता उसात बघू."

हर्षाली पुठ्ठ्याचा मुखवटा मागं बांधून शाळेत गेली. कुणीतरी फोटो काढला, तो मोबाइलवरून तालुकाभर फिरला. तीन अर्जांनी जे हललं नव्हतं ते एका फोटोनं हललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वनखात्याच्या साहेबांची जीप आली. जीपमध्ये पिंजरा नव्हता. मुखवटा जप्त करायचा कागद होता.

जीप उसाच्या वाटेत शिरेना. साहेब लंकाबाईमागं चालत घरी आले, ओट्यावर टेकले आणि शिकवायला लागले. "बाई, राष्ट्रचिन्ह आहे ते. अवमान होतो. सारनाथचा स्तंभ! बुद्धांना शाक्यांचा सिंह म्हणत. त्यांची शिकवण चारी दिशांना जावी म्हणून चार सिंह. खाली हत्ती, घोडा, बैल. प्रत्येकाला अर्थ आहे."

"चार? कागदावं तर तीनच हायेत."

"चौथा मागं असतो. दिसत नाही."

"आमचाबी मागंच असतो, सायेब. दिसत न्हाई."

तेवढ्यात उसात कुणी लाकडावर करवत ओढावी तसा आवाज आला. ओट्यावरचं कुत्रं घरात पळालं. राष्ट्राचा मान राखायला आलेले साहेब कुत्र्याच्या आधी आत पोचले होते.

"मुखवटा द्या, निघतो मी," ते आतूनच म्हणाले.

"घ्या की. वाट तीच हाय, जीप पल्याड हाय."

साहेबांनी वाटेकडं पाहिलं. मग फोन काढला. तीन महिने विचाराधीन असलेला पिंजरा पाऊण तासात, चार माणसांच्या खांद्यावरून आला आणि वाटेच्या कडेला लागलासुद्धा. विचार लई जोरात झाला म्हणायचा.

पिंजरा लावणारी माणसं पुढं गेली. साहेब शेवटी राहिले, हातात जप्तीचा मुखवटा. दहा पावलं गेले आणि थांबले. इकडंतिकडं पाहिलं. मुखवटा डोक्यामागं धरून दोऱ्या कपाळावर करकचून बांधल्या.

ओट्यावरून लंकाबाई ओरडली, "सायेब, जपून! अवमान व्हईल."

साहेबांनी वळून पाहिलं नाही. सिंह मात्र उसाच्या वळणापर्यंत ओट्याकडंच बघत गेला.