माझा खटाक् आवाज

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मी जळतो. उगाच गोड बोलत नाही. बॅगेत माझ्या शेजारी जो नवा आलाय ना, त्याला बघितलं की माझ्या पोटात दुखतं.

निझवा या अरबी गावातल्या झुवैनाने मला घेतलं तेव्हा गावात लग्नांचे फोटो काढणारी ती एकटीच बाई होती. तिने मला आतून-बाहेरून समजून घेतलं. लेन्समधून आलेला प्रकाश माझ्या तिरक्या आरशावर आपटून वर जातो, म्हणून डोळा लावणाऱ्याला समोरचं जसंच्या तसं दिसतं. लेन्समधलं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर. ते मोठं केलं की नवरी ठसठशीत उठते आणि मागची गर्दी धूसर होते. शटरचा पडदा झटकन उघडून मिटला तर नाचणारीची गिरकी जागच्या जागी थांबते, रेंगाळला तर सगळा काला. अंधारात आयएसओ, म्हणजे माझी प्रकाश टिपायची ताकद, वाढवायचा, पण फार वाढवलात तर गालांवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. बटण दाबलं की आरसा वर उडतो, पडदा उघडतो, आरसा परत खाली येतो. खटाक्!

या आवाजावरच आमचं सगळं चालायचं. बायकांच्या दालनात फोन दाराशीच टोपलीत जमा होतात. मग अंगावरचे काळे झगे, म्हणजे अबाया, उतरतात, केस मोकळे सुटतात, ढोल वाजू लागतो. झुवैना ज्या कोपऱ्यात जाईल तिथे आधी छताकडे तोंड करून एक खटाक् करायची. ज्यांना फोटो नको त्या ओढणी ओढून घ्यायच्या, पाठ फिरवायच्या. दुसरा खटाक् खऱ्या फोटोचा.

आणि मग हा आला. याला आरसाच नाही! हलका, अंधारातही लख्ख बघणारा आणि मुका. झुवैना म्हणाली, "अगं बाई, केवढा हलका! त्या धोंड्याने माझे खांदे उतरले होते." धोंडा म्हणजे मी, बरं का. रय्याचं लग्न झालं की मला दुकानात देऊन नवी लेन्स घ्यायची, असं तिने ठरवलंसुद्धा. त्या लग्नाला मला नेलं ते आपलं असावं जवळ म्हणून. बॅगेत पडल्या पडल्या मी मनात म्हणत होतो, पड रे बाबा एकदा तोंडावर.

आणि तसंच झालं. झुवैनाने सवयीने नव्याचं तोंड छताकडे करून बटण दाबलं. आवाज झालाच नाही, पण ढोलाच्या दणक्यात तिच्या ते लक्षातच आलं नाही. तिने फोटो काढले. रय्याची आजी घानिया खजूर खात होती, तिला कौतुकाने दाखवायला गेली.

आजीचा चेहराच उतरला. "ही माझी शमसा ना? केस सोडून नाचतेय! हिचा फोटो कधी काढलास?"

"आजी, मी आधी आवाज दिला होता..."

"कुठे दिलास? मी काय बहिरी आहे? चोरून काढतेस होय गं?"

ढोल थांबला. कुणी म्हणालं, "माझाही काढला असेल!" बायका अबाया शोधू लागल्या. झुवैना एकेकीला थांबवू लागली. बायकांचा विश्वास उडाला की निझव्यात तिला पुन्हा कोण दारात उभं करणार? आणि मी? मी मनातल्या मनात नाचत होतो. लाज वाटते, पण नाचत होतो.

"पुसून टाक तो," आजी म्हणाली, "आणि तुझा तो खटखट्या आण."

"पुसू नकोस, थांब," शमसा पुढे आली. ही नवरीची आत्या, पन्नाशीची. माझा आवाज आला की सगळ्यात आधी हीच पाठ फिरवायची. तिने नव्याच्या पाठीवरचा स्क्रीन जवळ धरून पाहिला. फोटोत मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून ती हसत होती. "मी अशी हसते?" ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा मी खरा जळलो. किती लग्नांत मी तिच्यासमोर होतो, पण मला मिळाली ती नुसती तिची पाठ. माझ्या खटाक्‌ने ते हसू दर वेळी पळवून लावलं होतं. त्या मुक्याला ते पहिल्याच दिवशी सापडलं.

शमसाने फोटो स्वतःच्या बोटाने पुसला. मग म्हणाली, "झुवैना, आता त्या जुन्याने काढ. आवाज होऊ दे. मी हलणार नाही."

"शमसामावशी, नक्की ना?"

"काढ गं, विचारतेस काय!"

झुवैनाने मला उचललं. आधी छताकडे खटाक् केलं. शमसाचा हात सवयीने ओढणीकडे गेला, पण तिने तो खाली घेतला. दुसरा खटाक्. ती अवघडून उभी होती, हसू जेमतेम होतं. पण तोंड माझ्याकडे होतं.

दुकानाचं नाव मग निघालं नाही. आता बायकांच्या दालनात मी जातो, बाहेर तो. तेव्हा मित्रांनो, जुन्या कॅमेऱ्याची लेन्स मऊ कापडाने पुसा, त्याला धुळीत टाकू नका, आणि बटण दाबण्याआधी समोरच्याला कळू द्या. एवढं ऐका माझं.

त्या नव्याशी मात्र मी अजून बोलत नाही. ते हसू त्याने पाहिलंय.