विलंबाचं कारण

आमच्या घरात दोन बाथरूम आहेत, असं घराच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. त्यातल्या एकीच्या दारावर गेली अकरा वर्षं लाल दिवा आहे, आणि तो लागलेला असला की आत जायचं नाही. आत माझा नवरा असतो. कमोडवर फळी टाकून तिच्यावर त्याने फोटो मोठे करायचं यंत्र बसवलंय, बेसिनमध्ये रसायनांचे ट्रे आहेत आणि शॉवरच्या दांडीला ओले फोटो चिमट्यांनी टांगलेले असतात. तो तिला डार्करूम म्हणतो. मी काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

उरलेली बाथरूम चौघांत एक. माझी कॉलेजात जाणारी मुलगी आत गेली की गाणी म्हणते, आणि गाणं अर्धं टाकून बाहेर यायची तिला सवय नाही. मला साडेआठला दुकान उघडायचं असतं. सासऱ्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. ते सकाळी पॅसेजमध्ये कपाटाची मूठ धरून उभे असतात आणि काही बोलत नाहीत. चौथे कलावंत नऊला उठतात, तोवर सगळं मोकळं झालेलं असतं, त्यामुळे आमच्या घरात रांग असते हे त्यांच्या गावीही नसतं.

फोटोग्राफर तशी मीही आहे, पण पासपोर्ट साइजची. मान सरळ, हनुवटी खाली, दोन्ही कान दिसू द्या. घर त्यावर चालतं. नवऱ्याची फोटोग्राफी कलात्मक, म्हणजे तिच्यात माणूस नसतो. दरवर्षी नवीन वर्षाच्या तोंडावर तो डार्करूमच्या दारावर एक कागद चिकटवतो. मथळा ठरलेला: ‘आगामी वर्षाचे प्रकल्प’. एका वर्षी त्याला धुकं टिपायचं होतं, तर त्या वर्षी धुकं पडलंच नाही. एका वर्षी ओसाड बसथांबे होते, पण हा कॅमेरा लावून उभा राहिला की लोकांना वाटायचं बस येतेय, आणि तिथे रांग लागायची. प्रकल्प अर्धवट राहायचे, कागद मात्र वर्षभर टिकायचा.

या वेळी कागदावर तीन गोष्टी होत्या. पहिली, रिकाम्या खुर्च्या. दुसरी, भिंतींवरची ओल. तिसरी, सूर्याचं अर्धं वर्ष.

मी तो कागद वाचला आणि म्हटलं, “या वर्षी यातलं काही पुरं झालं नाही, तर कमोडवरची फळी निघेल. बाबांना किती वर्षं उभं करणार आहेस?”

त्याने बराच वेळ चष्मा पुसला. “आणि झालं तर?”

“तर मी पुन्हा ‘बाथरूम’ हा शब्द तोंडातून काढणार नाही.”

त्याला ते पटलं, कारण या वेळी त्याच्यामागे खरंच कुणीतरी उभं होतं. एका गॅलरीवाल्या बाईंनी त्याला ऑगस्टमध्ये एक आख्खी भिंत देऊ केली होती. अट एकच: जूनअखेर एक तरी काम पुरं झालेलं दाखवायचं. नाही तर ती भिंत फुलदाण्या रंगवणाऱ्या एका गृहस्थांकडे जाणार होती. नवऱ्याचा फुलदाण्यांवर आधीपासूनच राग होता.

खुर्च्या जानेवारीतच निकालात निघाल्या. रिकामी खुर्ची कुठेही मांडली की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन बसायचं आणि वर याला विचारायचं, “फोटो कधी मिळेल?” मग ओल. जिन्यातल्या भिंतीवर ओलीचा एक सुरेख डाग होता. तो अजून थोडा पसरू दे म्हणून हा थांबला, आणि त्याच आठवड्यात सोसायटीने जिना रंगवून घेतला. राहिला सूर्य.

सूर्याचं काम त्याने आम्हाला डिसेंबरातच एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. मुलीचं जेवून हात वाळले तरी ते चालूच होतं. थोडक्यात असं: पत्र्याचा डबा घ्यायचा, आतून काळा करायचा, त्याला सुईने एक भोक पाडायचं, आत फोटोचा कागद गुंडाळून ठेवायचा आणि डबा सूर्याकडे तोंड करून बांधून टाकायचा. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापासून सर्वांत मोठ्या दिवसापर्यंत. रोज सूर्य आकाशातून जाताना कागदावर एक रेघ ओढतो. सहा महिन्यांनी सगळ्या रेघा एका कागदावर मिळतात. आणि गंमत म्हणजे हा कागद रसायनात धुवायचाच नसतो, काढून सरळ स्कॅन करायचा.

“म्हणजे याला डार्करूम लागतच नाही?” मी विचारलं.

“मुद्दा तो नाहीये,” तो म्हणाला. “मुद्दा हा की डबा तसूभरही हलता कामा नये.”

सासरे इतका वेळ मान खाली घालून जेवत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “भोक किती मिलिमीटरचं?” ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. उभा जन्म त्यांनी जमिनी मोजल्या.

त्याच महिन्यात, सर्वांत लहान दिवशी, सात डबे लागले. सहा बाहेर, ओळखीपाळखीच्या गच्च्या-खिडक्यांवर, आणि सातवा आमच्या पूर्वेकडच्या बाल्कनीच्या कठड्यावर, तारेने करकचून बांधलेला. नवऱ्याने कधी नव्हे ते वेळेवर सुरुवात केली होती, म्हणून मीही बोटं मोडणं थांबवलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी दुकानातली वीज गेली आणि मी संध्याकाळी लवकर घरी आले. पाहते तर सासरे बाल्कनीत. त्यांनी भोकावर काळी चिकटपट्टी लावली, तारेचा पीळ सोडवला, डबा टॉवेलात गुंडाळला आणि आपल्या कपाटात नेऊन ठेवला. हालचाली इतक्या सरावाच्या की हे पहिल्यांदा चाललेलं नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

डबा तसूभर हलता कामा नये, आणि इथे तो रोज कपाटात झोपायला जात होता. बाबांना बाथरूम हवी आहे, आणि तोंडाने मागणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून त्यांनी हा मार्ग काढला, असं मी क्षणात ठरवून टाकलं. आता खरं सांगते. नवऱ्याला सांगायचं म्हणून मी दोन पावलं पुढेही गेले. मग मला कमोडवरची फळी आठवली. मी परत दाराबाहेर गेले, चपला वाजवत पुन्हा आत आले, आणि मी काही पाहिलंच नाही असं झालं.

पुढचे दोन महिने मी तोंडाला कुलूप घालून काढले. तेवढ्यात बाहेरचे डबे एकेक करून धारातीर्थी पडू लागले. टाकीवरचा प्लंबरने फेकला. वाचनालयाच्या खिडकीतला ग्रंथपालांनी उघडला, आत काहीच लिहिलेलं नाही असं पाहून तितक्याच अदबीने बंद केला आणि फोन करून तसं कळवलं. उरलेल्या चारांत झाकणाच्या फटीतून दव आणि पाऊस शिरला. शेवटचा डबा नवऱ्याने स्वयंपाकघरात उघडला तेव्हा आतून कागदाची पेज निघाली.

तो त्या पेजेकडे बघत उभा राहिला. “बाल्कनीतला आहे अजून,” तो म्हणाला. “एक पुरतो.” अकरा वर्षांत मी त्याच्यावर पुष्कळ चिडले असेन, पण त्या दिवशी मला त्याची फार दया आली आणि स्वतःची लाज वाटली. तरी मी बोलले नाही. आता बोलून उपयोग काय, असं मी स्वतःला सांगितलं. वेळेवर न बोललेली माणसं हेच सांगतात.

सर्वांत मोठा दिवस उजाडला. डबा सूर्य मावळल्यावर उघडायचा होता आणि गॅलरीवाल्या बाई स्वतः बघायला आल्या होत्या. उंच, शांत, दर वाक्याआधी थांबणाऱ्या. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सूर्य गेला. तो बाल्कनीत गेला आणि तसाच हात हलवत परत आला.

“डबा नाहीये,” तो म्हणाला.

मी जमिनीकडे पाहू लागले. तेवढ्यात सासरे आपल्या खोलीतून टॉवेल घेऊन आले आणि त्यांनी तो टेबलावर अलगद उलगडला.

“बाबा, हा तुमच्याकडे कसा?”

“रोजच असतो. दिवस मावळला की आत, तू डार्करूममध्ये असतोस तेव्हा. सकाळी तू उठायच्या आत बाहेर.”

“रोज? सहा महिने?”

“अरे, यंत्र रात्रभर उघड्यावर टाकून झोपणारा मोजणीदार मी तरी पाहिला नाही,” सासरे म्हणाले. “दव पडतं, पाऊस येतो. आणि रात्री कुठे सूर्य असतो?”

नवरा खुर्चीवर बसला. घरातली तीच एक रिकामी खुर्ची होती. “डबा हलवायचा नव्हता, बाबा.”

“हलला कुठे?” सासऱ्यांना ते लागलं. ते आम्हा सगळ्यांना बाल्कनीत घेऊन गेले. कठड्यावर त्यांनी पहिल्याच संध्याकाळी एक लाकडी ठोकळा स्क्रूने पक्का बसवला होता, एरवी डब्याखाली झाकलेला, त्यात डब्याच्या मापाची खाच, खाचेत एक खूण, तशीच खूण डब्यावर. शेजारी ओळंबा टांगलेला. “केसभर फरक दाखव,” ते म्हणाले.

कागद शाबूत होता. नवऱ्याने तो स्कॅन केला आणि स्क्रीनवर चित्र उमटलं. समोरच्या इमारतींच्या काळ्या कडा, आणि त्यांच्यावर दीडशेच्या वर उजळ रेघा, एकीला लागून एक, सगळ्या वर चढत गेलेल्या. एकही वाकडी नव्हती.

गॅलरीवाल्या बाई थांबल्या आणि मग म्हणाल्या, “वरून सगळं इतकं नितळ आहे. पण खाली या रेघा अशा दातेरी का? कुठली खालून निघते, कुठली बरीच वरून. सूर्य काही असा उगवत नाही.”

“ते विलंबामुळे,” सासरे म्हणाले, आणि त्यांनी खोलीतून एक जाड पुठ्ठ्याची वही आणली. रकाने पट्टीने आखलेले: तारीख, डबा ठेवल्याची वेळ, विलंबाचं कारण. अंघोळ केल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा नोकरीपासूनचा नियम. आणि अंघोळीला नंबर लागायला हवा.

बाई मोठ्याने वाचू लागल्या. “सहा बावन्न. नात आत. सात दहा. नात आत. गाणं नवीन होतं. सात अठरा. गुडघा. खुर्ची आणून बसलो. नंतर कळलं, आत कोणी नव्हतं.” मुलगी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. बाईंनी पान उलटलं. “सात एकतीस. सूनबाई आत. हाक मारली नाही. तिला दुकान उघडायचं असतं.”

नवऱ्याने भिंग घेतलं आणि स्क्रीनवर ती रेघ शोधली. बरीच वरून निघालेली होती. तिच्या शेजारची तशीच, तिच्या पुढची तशीच. तो भिंग घेऊन एकेका रेघेवरून जात होता आणि मी त्याच्यामागे उभी होते.

“मला एप्रिलपासून माहीत होतं,” मी म्हटलं. “बाबा डबा आत नेतात ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“बाथरूम हवी होती.”

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण त्याने पुन्हा भिंगाला डोळा लावला.

बाईंनी चित्र घेतलं आणि वहीही मागून घेतली. दोन्ही शेजारी-शेजारी लावू म्हणाल्या. भिंत पक्की झाली. फुलदाण्यांचा बेत बारगळला. ठरल्याप्रमाणे मी हरले होते, आणि शब्द द्यायचा तर पाळायचा, म्हणून ‘बाथरूम’ हा शब्द मी त्या घटकेपासून बंद केला.

दोन दिवसांनी डार्करूमच्या दारावर नवा कागद होता. ‘उर्वरित वर्षाचे प्रकल्प. एक, कमोडवरची फळी काढणे. दोन, गळका नळ. तीन, बाबांना धरून उठता येईल अशी भिंतीला दांडी (लेव्हल बाबा बघतील).’ मी तो दोनदा वाचला. मग आत जाऊन त्याला म्हटलं की माझ्या दुकानामागची सामानाची खोली रिकामी करता येईल, फक्त माझ्या गिऱ्हाइकांना लाल दिव्याने घाबरवायचं नाही. तो म्हणाला, बघू. डोळे मात्र त्याने पुसले, चष्म्याच्या निमित्ताने.

नवऱ्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच एक यादी पुरी झाली, तीही नऊ दिवसांत. दांडी सासऱ्यांनी तीनदा काढून लावायला लावली.

आता उरलेल्या अर्ध्या वर्षासाठी त्याच ठोकळ्यात नवा डबा आहे. परवा सकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत गेले तर डबा जागेवर होता आणि इमारतींमागून सूर्य नुकता वर येत होता. सासरे अंघोळ करून, केस विंचरून खुर्चीत बसले होते. शेजारी नवी वही उघडी होती. त्या दिवसाची वेळ होती सहा चार, आणि ‘विलंबाचं कारण’ या रकान्यात त्यांनी पट्टीने एक सरळ रेघ ओढली होती.