आत्याच्या आवाजाचा फॉरमॅट

सत्त्याण्णव साली माझ्या सखूआत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि करावे गावची धवलारीण मुकी झाली. आमच्याकडे धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हा लग्नाचे विधी पुढे सरकतात. आता तिच्याच मुलीच्या, मीनाच्या हळदीला धवला कोण म्हणणार? आत्याच्या आवाजाची एकच कॅसेट होती. ती मी नेरूळच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. बरंच झालं, कारण पुढे टेपने ती फीत खाऊन टाकली.

"उन्नती, आयचा आवाज वाजल ना गो?" मीना रोज विचारायची.

"वाजल," मी म्हणायचे. मुलगी प्रोग्रामर आहे म्हटल्यावर गावाला वाटतं, हिला मिक्सरसुद्धा दुरुस्त करता येतो.

हळदीला वाजवायचं ते घरच्या कॉम्प्युटरवर, आणि तो सेकंडहँड. ऑफिसातून नमुन्याला आवाजाचा एक तुकडा फ्लॉपीवर आणून लावला, तर ढिम्म. म्हणून सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला: साउंड कार्डाला एकेक फॉरमॅट दाखवायचा आणि विचारायचं, हा वाजवशील? स्टिरिओ? नाही. सोळा बिट? नाही. इतके नकार सरकारी खिडकीवरसुद्धा मिळत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरून आल्यावर हे ऐकायचं, जीव नुसता विटला होता. शेवटी सगळ्यात हलक्या फॉरमॅटला 'हो' आलं. ऑफिसात जाऊन सगळी फाइल त्यात बसवली. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण आत्याचाच. तरी फ्लॉपीत मावेना, तेव्हा ओळींमधल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या. सुटले एकदाची, असं वाटलं.

हळदीला कॉम्प्युटर मांडवात ठेवला. आवाज सुरू झाला आणि मीनाचे डोळे भरले. पहिली ओळ संपली, बायकांनी मागून म्हणायला तोंड उघडलं, तोवर दुसरी ओळ आली. मग तिसरी. धवलारीण एक ओळ म्हणते, बायका तीच मागून म्हणतात. लहानपणापासून मीही म्हणत आले होते, आणि नेमक्या त्याच जागा कापून बसले होते. बायका गप्प झाल्या. आवाज एकटाच पळत राहिला.

आत्याने हात वर केला. मी कॉम्प्युटर बंद केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्या मीनासमोर बसली. तिचे ओठ हलले, आवाज नाही. मीना तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि हळदीने माखलेल्या नवरीने ती ओळ स्वतःच म्हटली, रडत, बेसूर. नवरी आपलाच धवला म्हणते, हे गावात कुणी पाहिलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

मग मागून ती ओळ मी म्हटली.